खिचडीचं टाईमटेबल

स्वयंपाकाचं बायका उगाच स्तोम माजवतात, असं सत्त्याण्णव सालच्या दिवाळीपर्यंत माझं स्पष्ट मत होतं. स्वयंपाक म्हणजे शेवटी काय? कोणती वस्तू किती वाजता कुठं असायला हवी, एवढाच प्रश्न. आणि त्या प्रश्नात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या शिवाजी पेठेत नव्हता. आमच्या हायस्कूलचं टाईमटेबल सतरा वर्षं मी एकटा करत होतो. एकोणतीस शिक्षक, अठरा तुकड्या. त्यात चित्रकलेच्या सरांना मंगळवारी दुपारनंतर तास नको, पी.टी.च्या सरांना जेवणानंतर ग्राऊंड नको. हे सगळं जो एका ड्रॉईंग पेपरवर बसवतो, त्याला कुकरच्या तीन शिट्ट्या बसवता येणार नाहीत?

हे मी माझ्या बायकोला, राजमतीला, कितीदा तरी ऐकवलं होतं. ती ऐकून घ्यायची आणि भाकरी थापत राहायची.

वर्षभर तिला साधं शिंकायला सवड नव्हती. दिवाळीची सुट्टी लागली आणि तिसऱ्या दिवशी एकशे तीन ताप! चकलीची भाजणी डब्यातच राहिली, लाडवाचा रवा निम्मा भाजलेला तसाच कढईत राहिला, आणि बाई पलंगावर. तीन दिवस पोटात अन्न म्हणून टिकलं नाही. भाऊबीजेच्या सकाळी डॉक्टर येऊन गेले. जाताना मला जिन्यात गाठून म्हणाले, "ही गोळी उपाशीपोटी द्यायची न्हाई, सर. आज पोटात कायतरी जाऊ दे आणि गोळी पडू दे. न्हाईतर उद्या सकाळी ॲडमिट करून सलाईन लावावं लागंल."

राजमतीला मी लग्नानंतर कधी दवाखान्याच्या खाटेवर बघितलं नव्हतं, आणि बघायचंही नव्हतं.

त्यात आम्ही जैन. दिवस मावळला की जेवण बंद. मी मेला या बाबतीत जरा मध्यम, पण राजमती कडक. सूर्य गेला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. "आजारपणात चालतंय हो वैनी," असं डॉक्टरांनी म्हणून बघितलं, तर तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. घड्याळावरही तिचा विश्वास नाही. पलंग खिडकीशी होता आणि समोरच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती. त्या टाकीवरचं ऊन गेलं की राजमतीचं तोंड मिटलं, मग इंद्र आला तरी उघडायचं नाही.

दुपारी चार वाजता ती डोळे न उघडताच म्हणाली, "मूगडाळीची खिचडी खावीशी वाटत्या. पातळ."

तीन दिवसांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. मला इतका आनंद झाला की मी थेट ड्रॉईंग पेपरच घेतला. कॅलेंडरात सूर्यास्त सहा वाजून तीन मिनिटांनी. त्यावरून उलटं मोजत आलो. ४.२० डाळ-तांदूळ निवडणे. ४.३५ भिजवणे. ५.०० कुकर. ५.१५ तिसरी शिट्टी. ५.३० वाढणे. ५.४५ गोळी. शिवाय पंधरा मिनिटं राखीव. कागद स्वयंपाकघरात दाराला चिकटवला आणि मागं सरून बघितला. छापायला देण्याजोगा होता.

चार वाजून बावीस मिनिटांनी पहिली पावणी आली. खालच्या मजल्यावरच्या बायडाबाई. या बाई म्हणजे मनानं सोनं, पण आवाज असा की त्यांनी जिन्यात नुसतं 'वैनी' म्हटलं तरी तालमीतली पोरं जोर थांबवतात. आजाऱ्याला बघायला येणाऱ्याला चहा द्यायचा असतो. मी चहा ठेवला. तो होतोय तोवर आमचे मुख्याध्यापक सपत्नीक आले. मुख्याध्यापकांना कसं म्हणणार, की सर, तुमचा तास आत्ता नाही? पुन्हा चहा. सुट्टीत सगळं गाव मोकळं, आणि आजारी माणूस म्हणजे जाण्यासारखं ठिकाण. पाच वाजेपर्यंत माझे चार वेळा चहा झाले. मुख्याध्यापकांना जिन्यापर्यंत पोचवून मी पाच वाजून चार मिनिटांनी कुकर चढवला, आणि पाच वाजून सहा मिनिटांनी गॅस फूऽऽस करून संपला.

दुसरा सिलिंडर नव्हता. नंबर लावला होता, पण दिवाळीत नंबर कुठला यायला?

बायडाबाई अजून राजमतीच्या उशाशी होत्या. त्यांनी आतूनच आवाज दिला, "का ओ मास्तर, काय झालं?"

"गॅस संपला."

"मग रडताय कशाला? आणा हिकडं. माझ्या शेगडीवर ठिवते."

कुकर घेऊन त्या खाली गेल्या. मी टाईमटेबलात पेन्सिलीनं दुरुस्ती केली: कुकर ५.१०, स्थळ बायडाबाई. मनाला बरं वाटलं. राखीव पंधरा मिनिटं कशासाठी ठेवतात? यासाठीच.

पाच पंचविसाला त्या कुकर घेऊन वर आल्या. चेहऱ्यावर समाधान. मी झाकण उघडलं. आतली खिचडी लालभडक होती. कडेनं तेलाचा तवंग.

"बायडाबाई, हे काय?"

"चाखून बघितली की वो मी. नुसती पाणचट. आजारी माणसाच्या तोंडाला चव नसत्या, म्हणून चमचाभर चटणी घातली."

"अहो, आम्ही कांदा-लसूण खात न्हाई."

"मला म्हाईत न्हाई व्हय? चौदा वर्षं शेजारी हाय मी. कांदा कुठं घातलाय? नुसती चटणी घातलीया."

"चटणीत काय असतं?"

"चटणीत?" त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "चटणीत चटणीच असत्या की."

यात त्यांची चूक नाही. कोल्हापुरात चटणी हा पदार्थ नसतोच, ती हवेसारखी असते. वर्षाचा डबा उन्हाळ्यात एकदा कांडून आणला की त्यात किलो-दोन किलो लसूण पडलाय हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. आमच्या घरची चटणी बिनकांद्या-लसणाची, वेगळी कांडलेली. पण वास आतापर्यंत पलंगापर्यंत गेला होता. आतून क्षीण आवाज आला, "अहो, लसणाचा वास कुठनं येतोय?"

बायडाबाईंच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात मारला. "आई गं! लसूण असतोय की त्यात!" मग कुकर उचलला आणि धडाधड जिना उतरल्या. मला वाटलं, गेल्या रागावून. मी डोकं धरून बसलो. तर दोन मिनिटांनी जिना हादरायला लागला. बाई आपला अख्खा सिलिंडर कमरेवर घेऊन वर येत होत्या.

"मी बिघडवलंय, मीच निस्तरते. सरका मास्तर."

मी सरकलो. त्यांनी सिलिंडर जोडला, मी दुसऱ्या कुकरात डाळ-तांदूळ टाकले. भिजवणं वगैरे टाईमटेबलातून रद्द. पाच चौतीसला कुकर चढला. समोर टाकीवर ऊन पिवळं पडायला लागलं होतं.

आणि पाच अडतीसला दारात माझी थोरली बहीण, आक्का, आणि भाऊजी पद्मण्णा उभे! मी भाऊबीजेला तिच्या गावी, गडमुडशिंगीला, गेलो नाही, म्हणून आक्काच ताम्हण-निरांजन पिशवीत घालून आली होती.

"बायको आजारी म्हणून तू आला न्हाईस, चालतंय. पण भाऊबीज चुकवायची न्हाई. बस पाटावर."

"आक्का, कुकर लागलाय."

"कुकर काय पळून जातोय? बस."

मी पाटावर बसलो. आक्काला काडेपेटी सापडेना. मग वात भिजेना. पहिली शिट्टी झाली. मी उठायला लागलो तर तिनं खांदा दाबून खाली बसवलं. दुसऱ्या शिट्टीला कुंकू, तिसऱ्या शिट्टीला सुपारी. चौथी झाली आणि बायडाबाई आतून ओरडल्या, "मास्तर, किती हून द्यायच्या?" मी निरांजनाखालून वाकून आत पळालो. अर्धं ओवाळणं तसंच राहिलं.

कुकर उतरवला तर झाकण उघडेना. नळाखाली धरला. भाऊजी मागं उभे राहून म्हणाले, "आमच्याकडं वाफ आपली आपण जाऊ देत्यात." आमचे भाऊजी स्वभावानं शांत आहेत. उसाला तोड येईपर्यंत अठरा महिने वाट बघणारा माणूस, त्याला दहा मिनिटांचं काय? एकदाचं झाकण निघालं. पाच वाजून बावन्न मिनिटं. खिचडी पिवळी होती, पातळ होती, खिचडीच होती. माझे डोळे भरून आले. वाफेनंही असतील.

ताटली घेऊन मी पलंगाशी गेलो. राजमती उशीला टेकून उठून बसली होती. तिनं ताटलीकडं बघितलं, आक्काकडं बघितलं आणि म्हणाली, "आधी वन्संस्नी वाढा."

"मी काय आजारी हाय व्हय?" आक्का म्हणाली. "तू खा."

"तुम्हाला घरी पोचाय सात वाजतील. मग रात्रभर उपाशीच की. भाऊबीजेला माहेरवाशीण घरात उपाशी आणि मी खाऊ? घास उतरायचा न्हाई मला."

"आणि आजारी माणसाच्या आधी मी ताट ओढू? गावात तोंड दाखवू का नको?"

"वन्सं, माझी शपथ हाय."

"तुला माझी."

भाऊजी हळूच म्हणाले, "मग मी बसू का?"

"तुम्ही गप बसा," दोघी एकदम म्हणाल्या.

बायडाबाई खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. तिथून त्यांनी बातमी दिली, "अर्ध्या टाकीवर आलं ऊन."

मला डॉक्टरांचं जिन्यातलं बोलणं आठवलं. उद्या सकाळी सलाईन. ताटलीतली खिचडी गार होत होती, आणि या दोघी सभ्यपणात एकमेकींना हरवायला निघाल्या होत्या. मग माझं डोकं फिरलं. आठवी ब च्या वर्गासाठी राखून ठेवलेला आवाज मी काढला.

"गप्प! सगळी खाली बसा. पलंगाभोवती. बोलायचं न्हाई."

आक्का बसली. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, पण बसली. भाऊजी तर आधीच बसले होते. मी धावत आत जाऊन दोन ताटल्या भरल्या. कुकर तिरका करून, खरवडून, जे होतं ते सगळं वाढलं. तिघांपुढं तीन ताटल्या.

"मी तीन म्हटलं की एकदम घास. आधी कोण, नंतर कोण, प्रश्नच न्हाई. एक, दोन, तीन."

तिन्ही हात एकदम उचलले गेले. मी राजमतीच्या तोंडाकडं बघत राहिलो. पहिला घास गेला. दुसरा गेला.

"टाकीच्या टोपणावर हाय," बायडाबाई. "खावा वैनी, खावा. मी बघत्या."

आक्काचा घास तोंडात थांबला. तिनं भुवया वर केल्या. "जयपाल, अरे यात मीठ..."

"बरोबर हाय मीठ," राजमती म्हणाली आणि पुढचा घास घेतला.

आक्कानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मान खाली घालून मुकाट्यानं जेवली. मी मीठ घातलंच नव्हतं. टाईमटेबलात मिठाचा तास नव्हता.

राजमतीनं ताटली पुसून खाल्ली. मी गोळी तिच्या हातावर ठेवली, पाण्याचं भांडं दिलं. तिनं गोळी गिळली, आणखी दोन घोट प्याली आणि भांडं खाली ठेवलं. "गेलं," बायडाबाई म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या. टाकी काळी झाली होती.

आक्का-भाऊजी बसला गेले. मला तेव्हा आठवलं, की सकाळपासून आपल्या पोटात चहाशिवाय काही नाही, आणि कुकर तर रिकामा. तरी माझी मान ताठ होती. टाईमटेबल अठरा मिनिटं चुकलं असेल, पण सूर्याच्या आत पास! अशा वेळी माणसाला थोडा मोठेपणा सुचतो. मी पलंगाशी जाऊन म्हणालो, "माझं काय न्हाई गं. आता दिवस मावळला. आज माझा उपास. नियम म्हणजे नियम."

राजमतीचे डोळे मिटलेलेच होते. कपाळावर घाम आला होता.

"रंकाळ्यावर जाऊन या," ती म्हणाली.

"कशाला?"

"तो भेळवाला वाट बघत असंल. तीन दिवस गेला न्हाईसा, काळजीत पडला असंल बिचारा. चौदा वर्षं तुमच्या शर्टाच्या खिशातनं शेव काढत्या मी, धुताना."

बायडाबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि वाचकहो, मला लाज वाटायला हवी होती. मी सबंध पेठेला सांगत आलो होतो, की संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर फिरायला जातो ते पचनासाठी. पण खरं सांगतो, मला लाज वाटली नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा ती मला टोचून बोलली होती. मी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. मला इतकं बरं वाटलं की तिथंच रडू यायला लागलं, आणि बायडाबाईंसमोर रडायला नको म्हणून चप्पल घालून बाहेर पडलो.

भेळवाल्यानं मला बघून सवयीनं कांद्याची मूठ उचलली. मी म्हणालो, "आज कांदा नको रे."

त्यानं मूठ हवेत तशीच धरली. "का ओ मास्तर? तब्येत बरी न्हाई व्हय?"