टिटवीबाईंचं चित्र, आणि त्यात मी

एका जंगलात एक पोपट राहत होता. तो मीच. बाळांनो, ही गोष्ट माझी नाही, टिटवीबाईंची आहे. पण आधी माझी ओळख करून दिलेली बरी, नंतर राहून जाते.

टिटवीबाई जॅझ गायच्या. जॅझ म्हणजे काय? साथीदार सरळ वाटेने चालले की बाईंनी मध्येच रानात शिरायचं, मनाला येईल तसं भटकायचं आणि नेमक्या वळणावर येऊन सगळ्यांना गाठायचं. आता चुकल्या असं वाटावं, आणि चुकू नयेत. हे मला कोणीतरी सांगितलं. मी आपला शेजारचा डोलला की डोलायचो.

पूर्वी त्यांना इथे कोणी विचारत नव्हतं. टिटवी ओरडली की अपशकुन, असं म्हणून आम्ही पिल्लांना आत घ्यायचो. मग समुद्रापलीकडून रोहित पक्षी आले आणि बाईंचं गाणं ऐकून रडले. तेव्हा आम्हाला आठवलं, की आपणही कधीपासून रडतोच आहोत.

तोवर बाईंचा आवाज गेला होता. म्हणून पाणवठ्यावरच्या मोठ्या कातळावर त्यांचं चित्र काढायचं ठरलं. आवाज गेलेल्या गायिकेचा गौरव करणं सोपं असतं. मध्येच गायला लागतील अशी भीती नसते.

चित्रकार होता साळोबा साळिंदर. स्वतःचेच काटे रंगात बुडवून तो चित्रं काढायचा. बाई त्याला म्हणाल्या, "साळोबा, एकच मागते. गाताना माझे डोळे आपोआप मिटायचे. गाताना मी दिसते कशी, ते मला कधी कळलंच नाही. आता आवाजही राहिला नाही. निदान एकदा बघू दे."

"बघाल, बाई," साळोबा म्हणाला.

त्याने कातळभर बाई काढल्या. डोळे मिटलेले, चोच उघडी, एक पाय वर.

गौरव समितीचे अध्यक्ष कोल्होबा पाहायला आले.

"सिंहमहाराज कुठे आहेत यात?"

"महाराजांनी बाईंचं गाणं ऐकलंय?"

"ऐकलं नाही. पण गाऊ दिलं. दोन्हींत मोठं काय, तूच सांग."

बाई थोड्या सरकल्या. महाराज मध्ये बसले.

मग मोर आला. "त्यांच्या गाण्यावर मी नाचलो होतो."

"तुम्ही ढग बघून नाचला होतात."

"आणि ढग कशाने आले?"

साळोबाने निळ्या रंगात काटा बुडवला. पिसाऱ्याला निम्मा कातळ लागला. पाठोपाठ हत्ती म्हणाला, की बाईंच्या मागे तुतारी मीच वाजवायचो. गाणं चालू असताना तो एकदा शिंकला होता, एवढं खरं.

टिटवीने समुद्र आटवला असं म्हणतात. कातळावरची वीतभर जागा मात्र टिटवीला राखता आली नाही.

शेवटी कोल्होबा म्हणाले, "महाराजांसमोर डोळे मिटून कोण उभं राहतं? उघडे काढ. आणि ती चोच मीट. महाराज बोलतायत."

साळोबाने तेही केलं. अंगावर काटे असले म्हणजे ते उभे राहतातच असं नाही.

अनावरणाला बाई आल्या. पुष्कळ वेळ चित्र न्याहाळत राहिल्या.

"साळोबा, यातली मी कुठली?"

त्याने महाराजांच्या पंजाजवळ बोट ठेवलं. तिथे डोळे वटारून, चोच मिटून एक टिटवी उभी होती. साळोबाची मान वर होईना.

मग बाईंची नजर खालच्या कोपऱ्यात गेली. "आणि हा कोण? डोळे मिटून बसलाय तो?"

"मी आहे तो," साळोबा म्हणाला. "तुमचं गाणं ऐकताना. सही करायच्या जागेवर काढला."

बाई वाकल्या आणि त्या इवल्याशा तोंडाकडे बघत राहिल्या. साळिंदराच्या पाठीवरून कोणी हात फिरवत नाही. पण आत्ता कोणीतरी फिरवतंय, असं ते तोंड होतं.

"बरी गात असेन मी," बाई म्हणाल्या, आणि घोगऱ्या आवाजात हसल्या.

मला भरून आलं. पण माझं भाषण सुरू व्हायचं होतं. मी जॅझवर सविस्तर बोललो. संपलं तेव्हा बाई निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी समितीच्या लक्षात आलं, की प्रमुख वक्ताच चित्रात नाही. कातळावर जागा उरली नव्हती. मग तो खालचा कोपरा खरवडला. तिथे आता मी आहे. साळोबाने नकार दिला, म्हणून दुसऱ्याकडून काढून घेतलं. हिरवा रंग फार छान उतरलाय.

टिटवीबाई अजूनही मधूनमधून पाणवठ्यावर येतात आणि त्या कोपऱ्यासमोर उभ्या राहतात. बघतात, आणि परत जातात. माझं चित्र त्यांना आवडलेलं दिसतंय.

तात्पर्य: थोरांच्या चित्रात गर्दी झाली, तर ऐकणाऱ्याला आधी उठवावं. तो कुठेही बसून ऐकतो. बोलणाऱ्याची मात्र गैरसोय होते.