बिदरकर काकांच्या तक्रारी

बिदरकर काका कम्प्युटरच्या प्रोग्रॅममधल्या चुकांची तक्रार तो बनवणाऱ्या परदेशी लोकांना ई-मेलने लिहीत, तीसुद्धा चूक करणाऱ्याची खुशाली विचारून. 'आपल्याकडे थंडी फार असेल, जपून असावे,' हे इंग्रजीत आधी. मग तुमच्या प्रोग्रॅमने काय गोंधळ घातला ते.

उदारीकरणाचे ते सुरुवातीचे दिवस. पुण्याहून येऊन मी हैदराबादला, बरकतपुऱ्यातल्या एका छोट्या कम्प्युटर कंपनीत पहिल्याच नोकरीला लागले होते. काका तिथले सर्वांत जुने. त्यांचा लाडका शत्रू म्हणजे शेल. शेल म्हणजे आपण टाइप केलेला हुकूम कम्प्युटरला पोचवणारा प्रोग्रॅम. आपण कसंही लिहिलेलं कोड, म्हणजे हुकुमांची यादी, तो नीट ओळी लावून परत दाखवायचा. आम्ही खूश. काका मात्र म्हणायचे, "दिसायला चिकना आहे, हौ. पण चालतो का बघ!"

मी बघितलं नाही. शेलने सजवलेलं कोड तसंच अफझलगंजच्या एका औषधविक्रेत्याच्या मशीनवर चढवलं आणि सकाळी त्यांची साठ्याची यादीच निघेना. मॅनेजर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

मी डोळे पुसत बसले होते. काकांनी शेजारी खुर्ची ओढली.

"रडू नक्को, बेटा. एकेक ओळ काढत जा. बिघाड राहतो का बघू."

दुपारपर्यंत दोनशे ओळींच्या सहा उरल्या, आणि चोर सापडला. कोडमधला मजकूर संपल्याची खूण ओळीच्या अगदी सुरुवातीला असली तरच शेल ती ओळखतो; ओळी सरळ दिसाव्यात म्हणून त्यानं ती खूणच चार जागा आत ढकलली होती. मग मजकूर संपला हे त्याचं त्यालाच कळेना! काकांनी त्या सहा ओळी मॅनेजरसमोर चालवून दाखवल्या.

"पोरीनं तपासलं नाही, ही तिची गलती. पण मोडलं ह्या शेलनं."

नोकरी राहिली. पुढं आयुष्यभर जे पोट भरलं, ते त्या दुपारच्या जोरावर.

शेल बनवणाऱ्यांकडे काकांची तक्रार गेली. तीन आठवड्यांनी परदेशातून ई-मेल आला: चूक मान्य, दुरुस्त केली, आभार. आभार मात्र माझे मानले होते. तक्रारीखाली काकांनी माझं नाव घातलं होतं.

"काका, शोधलं तर तुम्ही!"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुझी काकू गेल्यापासून मला दुसरं कुणाचं पत्र येत नाही. ह्या लोकांचं येतं. एक ओळ असली तरी दिवस बरा जातो." मग हळूच म्हणाले, "तू पण इथं एकटीच राहतेस. म्हटलं, ह्या वेळचं तुला येऊ दे."