पडद्याआडची पोपटी चप्पल

निःपक्षपातीपणात माझा हात धरणारा अख्ख्या पनवेलमध्ये कोणी नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. नाव धर्मराज, विषय केमिस्ट्री. तरुणपणी एनसीसीच्या बँडमध्ये दोन वर्षं ड्रम बडवला, तेवढ्या पुण्याईवर संगीताच्या प्रत्येक समितीत मी असतोच. पनवेल-उरणकडच्या अकरा कॉलेजांतले उत्तम वादक निवडून एक मानाचा बँड उभा करतात. त्या निवडीवरून दरवर्षी भांडणं व्हायची, कारण प्रत्येक परीक्षकाला आपल्याच कॉलेजची मुलं गुणी वाटायची. यंदा मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मध्ये पडदा टाका!"

पडद्यामागे विद्यार्थी, पुढे तीन परीक्षक. नाव नाही, कॉलेज नाही, नुसता नंबर. चालण्याच्या आवाजावरून मुलगा की मुलगी तेही कळू नये, म्हणून चपला-बूट दाराबाहेर. ही चपलांची अट सुचली तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो.

आता खरं सांगतो. माझी भाची कीर्ती क्लॅरिनेट वाजवते. मागच्या वर्षीही परीक्षक मीच होतो, आणि लोक 'मामाने घेतली' म्हणतील या धास्तीने मी तिला पन्नासपैकी एकोणतीस दिले. तिची जागा एका मार्काने गेली. तेव्हापासून माझी बहीण भावना माझ्याशी कामापुरतंच बोलते. यंदा कीर्तीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. विचुंब्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शेजारी भिंत ठोकतात, म्हणून आठ महिने दर रविवारी ती माझ्या गॅलरीत येऊन सराव करायची. मी आत पेपर वाचता वाचता मान डोलवायचो.

आदल्या दिवशी भावनाचा फोन आला.

"दादा, कीर्तीकडे बघशील ना?"

"अगं, मध्ये पडदा आहे."

"लावला कोणी?"

"मी."

"मग बघ कसं बघायचं ते." ठेवला फोन.

निवडीच्या दिवशी कोन गावच्या मंडपवाल्याकडून लग्नातला मखमली पडदा आला. मी मध्ये, एका बाजूला उरणच्या कॉलेजचे परेश सर, दुसऱ्या बाजूला प्राचार्या नीता मॅडम. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. परेश सर मात्र सारखे दाराकडे मान वाकडी करत होते. "मान अवघडलीय," म्हणाले.

मला काही बसवेना. पेनाचं टोपण काढ, लाव. पाणी पी, घाम पूस. क्लॅरिनेटची एकच जागा उरली होती आणि दोनच नंबर, नऊ आणि दहा. दोघांतली एक कीर्ती, पण कोणती?

नऊ नंबर आत गेला आणि माझी नजर सहज, अगदी सहज, पडद्याच्या कडेने दाराबाहेर गेली. उंबऱ्यापाशी पोपटी चप्पल! पिवळ्या बक्कलची, कीर्तीच्या वाढदिवसाला मीच घेऊन दिलेली. माझा जीव भांड्यात पडला.

मग वादन सुरू झालं आणि जीव भांड्यातून बाहेर आला. क्लॅरिनेट चिरकत होतं. सूर एकीकडे, ताल भलतीकडे. पोर घाबरली, मी मनात म्हटलं. मागच्या वर्षीचं पाप आठवलं, आणि डोळे मिटून अठ्ठेचाळीस लिहिले.

दहा नंबरची चप्पल होती होडीएवढी, काळी, रबरी. वादन सुरेख. इतकं सुरेख की हा बाबा कीर्तीची जागा खाणार हे नक्की होतं. कुठेतरी ऐकल्यासारखंही वाटलं, पण विचार करायला वेळ कोणाला! एकतीस देऊन मोकळा झालो.

नीता मॅडमनी तिघांचे कागद शेजारी ठेवले आणि चष्मा पुसला.

"नऊ नंबरला धर्मराज सरांचे अठ्ठेचाळीस, परेश सरांचे वीस. दहाला धर्मराज सरांचे एकतीस, परेश सरांचे पन्नास. तुम्ही दोघं एकाच खोलीत होतात ना?"

आम्ही दोघं पडद्याची झालर न्याहाळू लागलो. मॅडमनी पडदा सरकवायला लावला आणि दोघांना आत बोलावलं. नऊ नंबर म्हणून आला सहा फुटी निकेश, उरणचा. दहा नंबर म्हणून आली कीर्ती.

"ती पोपटी चप्पल तुझी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाय सर," निकेश म्हणाला. "मी बाथरूमला गेलतो. थांबायच्या खोलीच्या दारात जी पयली दिसली ती पायात सरकवली. आलो तं लगेच नंबर पुकारला, तसाच धावलो."

"आणि माझी नव्हती म्हणून मी त्याची घालून आले," कीर्ती म्हणाली.

परेश सर निकेशकडे बघतच राहिले. "म्हणजे ती काळी चप्पल घालून आलेला तू नव्हतास?"

"नाय सर. आनि मला क्लॅरिनेट धरून चारच महिने झालंत. तुमीच बोललाव ना, एक जागा हाय, बसून बघ."

नीता मॅडमनी आम्हा दोघांचे मार्क लाल पेनाने खोडले. एकट्या त्यांच्या मार्कांवर निकाल लागला. कीर्ती बँडमध्ये गेली. मला इतका आनंद झाला की मी हात पसरून तिच्याकडे गेलो. तिने माझा खोडलेला कागद हातात घेतला होता.

"मागच्या वर्षीपेक्षा दोन जास्त दिलेस की, मामा."

"अगं, मला वाटलं ती तू नाहीस. तुझी चप्पल बघून मी त्याला..."

"चप्पल ओळखलीस," ती म्हणाली. "आठ महिने तुझ्या गॅलरीत वाजवलं, ते नाही ओळखलंस?"



भावना आता माझ्याशी नीट बोलते. तिला वाटतं, दादाने बघितलं. मीही 'नरो वा कुंजरो वा' करून गप्प बसतो. पुढच्या वर्षीच्या समितीची यादी कालच लागली. त्यात माझं नाव आहे, परेश सरांचंही आहे. आमच्याकडे पादत्राणं सांभाळण्याचं काम आहे.