दाढ, परतावा आणि दहा टक्के जादा

विभाच्या उजवीकडच्या खालच्या दाढेचा जो तुकडा पडला, तो लांबीला तीन मिलिमीटर होता. सौदीतल्या यान्बूच्या भारतीय शाळेत ती नववी-दहावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे तिने तो पट्टीने मोजला आणि वहीत तारीख लिहून ठेवली : अकरा मे. त्या दिवसापासून ती डाव्या बाजूने चावते.

नवीन पैसा मिळाल्याचा आनंद आणि आपलाच पैसा परत मिळाल्याचा आनंद, यांत दुसरा मोठा असतो, हे आता सिद्ध झालेलं आहे. (सिद्ध विभाच्या यजमानांनी केलं.) सौदी अरेबियात पगारावर कर नाही. ही सोय वरवर चांगली दिसते, पण तिच्यात एक क्रूर उणीव आहे : जिथे कर कापलाच जात नाही, तिथे परतावा कसला येणार? रिफायनरीत काम करणारे हे यजमान, सदानंदराव, या उणिवेने अकरा वर्षं पोखरले गेले होते.

मार्ग त्यांनीच काढला. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला मायदेशी दोन प्रकारची खाती उघडता येतात. एकात ठेवीच्या व्याजावर कर नाही. दुसऱ्यात बँक एकतीस टक्के आधीच कापून घेते, आणि उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून, पाठपुरावा करून, दोन-चार ई-मेल पाठवून तो कर परत मिळवता येतो. सदानंदरावांनी पूर्ण विचारांती दुसरं निवडलं.

"पहिल्यात ठेवले असते तर कापलेच गेले नसते ना?" विभाने एकदा विचारलं.

"मग परत काय आलं असतं?" सदानंदराव म्हणाले. प्रश्न बिनतोड होता.

दाढेला रूट कॅनाल आणि कॅप लागेल असं इथल्या क्लिनिकने सांगितलं. खर्च सोळाशे दहा रियाल, म्हणजे सुमारे सदतीस हजार रुपये. विमा कॅपला लागू नाही. नाशिकला हेच काम दहा हजारांत होतं. सदानंदरावांनी कागद ओढला आणि धोरण आखलं : दाढ सुट्टीत नाशिकला, आणि तीही परताव्याच्या पैशातून. म्हणजे दाढ फुकट.

"तोपर्यंत?" विभाने विचारलं.

"अगं, बत्तीस दातांतला एक. एकतीस आहेत ना कामावर?"

"अठ्ठावीसच आहेत. अक्कलदाढा लग्नाआधीच काढल्या."

"तेच म्हटलं," सदानंदराव म्हणाले.

जुलैत सुट्टी झाली, रिटर्नही भरला गेला. पण परतावा आला सप्टेंबरात. चाळीस हजार. परतावा यायच्या आत दाढ केली असती तर ती परताव्यातून झाली नसती, म्हणून ती तशीच परत यान्बूला आली.

आता पुढच्या सुट्टीपर्यंत चाळीस हजार नुसते पडून राहणार होते. सुशिक्षित माणूस पैसा पडू देत नाही. एका ऑनलाइन दुकानाने गणपतीनिमित्त गिफ्ट कार्डावर दहा टक्के जादा द्यायचं जाहीर केलं होतं. सदानंदरावांनी चाळीस हजारांचं कार्ड घेतलं. ते चव्वेचाळीस हजारांचं झालं. दिवाळीत त्याच दुकानात या कार्डाच्या बदल्यात सराफाचं कार्ड पाच टक्के जादा किमतीचं मिळत होतं : शेहेचाळीस हजार दोनशे. जानेवारीत सराफाकडून सहल कंपनीचं, पुन्हा पाच टक्क्यांनी : अठ्ठेचाळीस हजार पाचशे दहा. चार महिन्यांत एकवीस टक्के वाढ! (याच काळात विभाचं वजन चार किलोंनी घटलं. टक्केवारीत हे साडेसहा भरतं, म्हणजे स्पर्धेत नव्हतंच.)

"बाबा, डेंटिस्ट टूरवाला कार्ड लेगा क्या?" नववीतल्या ज्ञानदाने जेवताना विचारलं.

"मराठीत बोल."

"दातवाला घेईल का?"

दातवाला घेणार नव्हता. ते कार्ड फक्त भारतातल्या भारतात, एकाच बुकिंगसाठी, एकाच वर्षात चालणार होतं. त्यात बसणारं सर्वांत जवळचं पॅकेज म्हणजे केरळात हाउसबोटीवर तीन रात्री, दोघांना, एकावन्न हजार. वरचे दोन हजार चारशे नव्वद खिशातून. सदानंदरावांच्या मते ही बचत होती. दाढ मात्र पुढच्या वर्षीच्या परताव्यावर ढकलली गेली.

आणि मग रिफायनरीत प्लांटचं देखभालीचं शटडाउन लागलं, म्हणजे सगळ्यांना हजर राहणं भाग. सगळ्यांची जुलैची सुट्टी डिसेंबरवर गेली. दाढ आता थंड पाण्यानेच नव्हे, तर नुसत्या एसीच्या हवेनेही ठणकू लागली होती. वर्गात विभा डावा-उजवा हात बदलत गालाला धरायची. मुलांना वाटे, मॅडम विचारात आहेत.

एक गोष्ट सांगायची राहिली. विभाचा पगार तिच्या खात्यात जमा होतो, आणि सोळाशे दहा रियाल त्यात पहिल्या दिवसापासून होते. कुणी तिला अडवलेलं नव्हतं. अडवलं होतं ते तिच्याच डोक्यातल्या आकड्याने : नाशिकला दहा हजार. सदतीसमधून दहा गेले, सत्तावीस हजारांचं नुकसान. चौदा महिने ती हे नुकसान वाचवत होती. तिने एम.एस्सी. पहिल्या वर्गात केलेलं आहे.

जुलैच्या एका शुक्रवारी रिफायनरीतल्याच जयदीपच्या घरी यान्बूतल्या सात मराठी कुटुंबांची बैठक झाली. विषय : 'परताव्यातून समृद्धी'. वक्ते सदानंदराव. पडद्यावर तक्ता होता. चाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत चढत जाणारी हिरवी रेघ. टाळ्या झाल्या. तिघांनी तिथेच आपली ठेव करमुक्त खात्यातून कर कापणाऱ्या खात्यात हलवायचा संकल्प सोडला. कोथिंबीरवडी फिरली. विभाने ती चार तुकडे करून, डावीकडून, चहात बुडवून खाल्ली.

"वहिनी, चहात?" जयदीपची बायको सरोज म्हणाली. "खायच्या आधी गोळी पण घेतलीत मघाशी. किती दिवस चाललंय हे?"

"डिसेंबरात करायचंय," सदानंदरावांनी उत्तर दिलं. "तेव्हा एक डेंटल ऑफरही येतेय. दोन कॅपवर एक फुकट."

"पण दाढ एकच आहे ना?" सरोज म्हणाली.

"डिसेंबरपर्यंत बघू," सदानंदराव म्हणाले. खोलीत कुणी हसलं नाही. दोघा-तिघांनी जिभेने आपापल्या दाढा चाचपल्या.

(वाचकहो, तुम्ही हसलात. डिलिव्हरीचे चाळीस रुपये वाचवायला तीनशेची नको असलेली वस्तू ज्यांनी कधीच टोपलीत टाकली नाही, त्यांनी जरूर हसावं. बाकीच्यांनी पुढचं उभं राहून ऐकावं.)

विभाने कप खाली ठेवला. वर्गात प्रयोगाआधी सूचना देते त्याच आवाजात ती म्हणाली :

"उद्या संध्याकाळी साडेपाचची वेळ घेतलीय मी. इथल्याच क्लिनिकमध्ये, माझ्या पगारातून, पूर्ण किमतीत. ऑफर नाही, कूपन नाही, पॉइंट नाहीत. सोळाशे दहा रियाल, पंधरा टक्के व्हॅट धरून. आणि तो परत मिळत नाही, मी विचारून घेतलंय."