दिगूभाऊंचा उंबरा

दिगूभाऊ आमच्या घरात कधी आत आलेच नाहीत. राहतात वरच्या मजल्यावर, सकाळचा चहा रोज आमच्याकडे, पण घेणार दाराबाहेर उभं राहून. "आत या की हो, आम्ही काय खाणार आहोत का तुम्हाला?" म्हटलं, की "नक्को वहिनी, इथूनच छान दिसतं," म्हणत बशीत फुंकर मारणार. गळ्यात कॅमेरा असतोच. तो सांभाळण्याच्या नादात चहा सांडतो आणि जिना मला पुसावा लागतो.

मूळचे गोदाकाठचे. तरुणपणी हैदराबादेत आले, पेपरांसाठी फोटो काढू लागले आणि नारायणगुड्यातच रुजले. कचरा वेचणाऱ्या बाया, दगड फोडणारे, नाल्याकाठच्या झोपड्या, असलेच फोटो काढतात. मंत्र्याचा काढायला सांगा, लगेच कॅमेरा बिघडतो! आणि समोर कोणीही असो, वाक्य एकच: "जरा उंबऱ्यावर या." माणूस दारात उभा राहिल्याशिवाय यांचं बटण म्हणून दाबलं जात नाही.

बरं, ज्याला दारच नाही त्यानं काय करावं? एकदा हिमायतनगरला एका आटोवाल्याला गाठलं. तो बिचारा आटोतच झोपणारा. "साब, दरवाजा कां से लाऊं मैं?" म्हणाला. यांनी त्याला आत बसवलं आणि आटोचा पावसाळी पडदा त्याच्याच हातानं बाजूला सारायला लावला. फोटोत गडी असा ऐटीत बघतोय, जणू हवेलीचा मालक.

चिक्कडपल्लीला तर कहर केला. फुटपाथवर संसार मांडलेल्या यल्लम्मासमोर यांनी खडूनं चक्क रेघ ओढली. "अम्मा, हा तुझा उंबरा." मी भाजी घ्यायला बरोबर होते. लोक थांबून बघायला लागले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती बाई पदर सावरून रेघेमागं उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बघते, तर रेघेपुढं मुग्गू, आपली ठिपक्यांची रांगोळी हो! कोवळ्या उन्हात ती रेघ, ते ठिपके, मागं चुलीचा निळा धूर. तिथं खरंच घर आहे असं वाटलं मला. रेघ न ओलांडता मी वळसा घालून गेले.

"हे उंबऱ्याचं खूळ आलं तरी कुठून?" शेवटी एकदा विचारलंच.

बशीतला चहा संपवून ते सांगू लागले. गाव धरणात जाणार होतं. पहिलावहिला कॅमेरा घेऊन हे गावी गेले. देऊळ काढलं, पार काढला, दारोदार फिरून सगळ्यांचे फोटो काढले. आई उंबऱ्यावर उभी होती. "माझा काढ की रे." हे म्हणाले, "तू तर घरचीच. तुझा शेवटी." शेवटी रोल संपला. पुढं नव्या वसाहतीत आई कधी दारात उभी राहिली नाही. "हा काय माझा उंबरा आहे?" म्हणायची. गेलीसुद्धा तशीच.

तेव्हापासून उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं, की हे गावाकडं पळतात. कधी पार उघडा पडतो, कधी नुसता देवळाचा कळस. घर काही वर येत नाही. "आमचा दगडी उंबरा होता, वहिनी. एकदा दिसू दे. त्याचा फोटो काढला की सुटलो मी."

यंदा पाणी फारच खाली गेलं. दिगूभाऊ गेले, आणि परत आल्यावर सकाळी नेहमीसारखे चहाला दारात हजर.

"दिसला का हो उंबरा?"

"दिसला. हातानं गाळ पुसला. आई हळदीकुंकू लावायची ती जागासुद्धा ओळखली मी."

"मग दाखवा की फोटो!"

"नाही काढला." त्यांनी बशी खाली ठेवली. "उंबऱ्यावर कोणीच नव्हतं हो, वहिनी."

मी त्यांच्यावर ओरडलेच. "चपला काढा आधी! आणि तो कॅमेरा इकडं द्या. व्हा आत."

"अहो, पण..."

"आत व्हा म्हणते ना!"

ते आत गेले. मी बाहेर जिन्यात आले. कॅमेरा डोळ्याला लावला आणि आवाज चढवून म्हटलं, "हं, जरा उंबऱ्यावर या."

आले. चौकटीला एक हात टेकवून उभे राहिले, आणि मी बटण दाबलं.

फोटो हललाय, कोपऱ्यात माझं बोट आलंय, आणि त्यांचे डोळे मिटलेत. "थांबा, दुसरा काढते," मी म्हटलं.

"नक्को वहिनी," ते म्हणाले. "चहा टाका. आत बसतो जरा."