सेंद्रिय डबा आणि खैऱ्याची चार पिल्लं

एका जंगलात एक सिंह राज्य करीत होता. कोणत्या जंगलात, ते विचारायचं नाही. गोष्टीतल्या राजांचा पत्ता विचारणारी मुलं पुढे नसत्या भानगडीत पडतात.

या सिंहाच्या गुहेच्या दाराशी खैऱ्या नावाचा एक तांबूस कुत्रा राखण करी. सिंहाला राखणदार कशाला, असं म्हणाल. अरे बाबांनो, मोठ्यांच्या दाराशी कुणीतरी भुंकावं लागतं, नाहीतर ते मोठे आहेत हे लोकांना कळायचं कसं? कामाच्या बदल्यात महाराजांच्या ताटातली उरलेली हाडं खैऱ्याला मिळत. त्याची बायको चांदी नुकतीच बाळंत झाली होती. चार पिल्लं होती. चांदी हाडं चघळी, तिला दूध येई, पिल्लं पीत आणि झोपत.

मग जंगलात डबा आला.

सहलीला आलेल्या माणसांच्या गाडीतून तो पडला आणि माकडानं उचलून दरबारात नेला. डब्यावर स्वेटर घातलेल्या एका पांढऱ्या कुत्र्याचं चित्र होतं. वाचता येणारा प्राणी दरबारात एकच, तो म्हणजे बगळा. त्यानं मान वाकडी करून वाचलं, "कुत्र्यांसाठी सेंद्रिय अन्न."

"सेंद्रिय!" महाराज म्हणाले. त्यांना अर्थ ठाऊक नव्हता, पण शब्द उच्चारताना आयाळ छान हलली. "म्हणजे आमची हाडं सेंद्रिय नाहीत?"

"कशी असतील महाराज?" बगळा म्हणाला. "आपण खाता ती हरणं शेताच्या कडेला चरतात. तिथे औषध फवारतात."

"अरेरे! आणि आमचा खैऱ्या ती खातो? आजपासून हाडं बंद. गुहेमागच्या खड्ड्यात टाका. जो हाड खाईल त्याला डोंगरापलीकडे हाकलून देऊ. खैऱ्याला डबा द्या!"

खैऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं. तो शेपूट हलवीत पुढे आला.

"थांब," महाराज म्हणाले. "आधी मूल्यमापन."

आता या जंगलाचा एक कायदा सांगतो, नीट ऐका. ए, मागे खिदळणं बंद! ज्याचं जळतं त्याला कळतं, असं तुमची आजी म्हणत असेल. या जंगलात ज्याचं जळे त्याला आधी बाहेर बसवीत. त्यालाही कारण होतं. पूर्वी एकदा मांसाची प्रत ठरवायला तरसाला नेमलं होतं. त्यानं नमुना खाल्ला, आणि मग चिटणीसही खाल्ला. तेव्हापासून ज्याला जे खायचं असेल त्याला त्याच्या समितीवर घेत नसत.

म्हणून कुत्र्याच्या अन्नासाठी समिती बसली ती अशी. अध्यक्ष कासव. सदस्य शेळी आणि बगळा. कासव शेवाळ खाई, शेळी दिसेल तो पाला खाई आणि बगळा लोकांसमोर उपास करी.

पहिल्या बैठकीला खैऱ्या धावत गेला.

"तू हितसंबंधी," कासव म्हणालं. "त्या करवंदीच्या जाळीपलीकडे बस. ऐकू येईल, पण वास घ्यायचा नाही."

बगळ्यानं घटक वाचले. सेंद्रिय कोंबडी, सेंद्रिय काळीज, भोपळा, गाजर, जवस.

"गाजर चौथं?" शेळी ताडकन उठली. "आणि कोंबडी पहिली! कोंबडीचं असं काय मोठं कर्तृत्व?"

"ज्याचं वजन जास्त ते आधी लिहितात, शेळीबाई."

"वजनावर मान देणार असाल तर मग हत्तीला घाला डब्यात!"

"इथे म्हटलंय," बगळा पुढे वाचू लागला, "की ही कोंबडी मोकळ्या रानात आनंदानं हिंडलेली आहे."

खैऱ्याला जाळीपलीकडून राहवलं नाही. "साहेब, एवढी आनंदात होती तर डब्यात कशी गेली?"

"हितसंबंधींनी प्रश्न विचारू नयेत," कासव म्हणालं, आणि मान आत घेऊन आठ दिवस विचार करत बसलं.

घरी चांदी वाट पाहत होती. "अहो, काय ठरलं?"

"कोंबडी आनंदी होती, एवढं ठरलं."

"पोरांना दूध पुरत नाही. धाकटी रडायचीही थांबलीय."

खैऱ्यानं धाकटीला चाटलं. तिच्या बरगड्या जिभेला लागल्या. तो घाबरला. एकदा गुहेच्या दाराशी वाघ आला होता, तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता.

दुसऱ्या बैठकीत पोषण निघालं. प्रथिनं दहा टक्के, स्निग्ध सहा, ओलावा अठ्ठ्याहत्तर.

"म्हणजे बहुतेक पाणीच!" शेळी म्हणाली. "ओढ्यावर जाऊ दे की त्याला."

"पाणी वजा करून मोजायचं असतं," बगळा म्हणाला. "मग उरलेल्या बावीस भागांत दहा भाग प्रथिनं. जवळजवळ निम्मी! उत्तम अन्न आहे हे."

मुलांनो, बगळ्याचं हे अगदी बरोबर होतं बरं का. पण समितीत एकानं बरोबर बोलून भागत नाही. पाणी वजा करायचं तर ते ठेवायचं कुठे, यावर तीन दिवस वाद झाला.

"डबा उघडून बघा ना, साहेब!" खैऱ्या कळवळून ओरडला. "चमचाभर द्या. पाया पडतो. पोरं मरतील माझी!"

"उघडला तर नमुना बिघडेल," कासव शांतपणे म्हणालं. "मग आम्ही मूल्यमापन कशाचं करायचं?"

तिसऱ्या बैठकीत एक भानगड झाली. बगळ्यानं ध्यान लावलं होतं, कासवाची मान आत होती, आणि शेळीला कागद दिसला. तिनं डब्यावरची चिठ्ठी सोलून खाल्ली. घटक, पोषण, स्वेटरवाला कुत्रा, सगळं गेलं.

कासवानं मान बाहेर काढली. "शेळीबाई, हे काय?"

"बारकाईनं तपासत होते," शेळी रवंथ करीत म्हणाली. "घटक चांगले आहेत. काळजाजवळ जरा शाई जास्त झालीय."

समितीनं शेळीला दोन दिवस निरखलं. तिचं पोट बिघडलं नाही. तेव्हा अन्न निर्धोक आहे, असा अंतरिम अहवाल लिहिला गेला. आता फक्त प्रत्यक्ष परिणाम पाहायचा राहिला होता. त्यासाठी डबा महिनाभर खैऱ्याच्या बिळात ठेवायचं ठरलं, अर्थात न उघडता.

खैऱ्यानं डबा घरी नेला. तो हुंगला, चाटला, चावला. एक दात हलला. डब्याला काही झालं नाही.

चांदी त्याच्याकडे बघत होती. एकदम ती उठली.

"कुठे चाललीस?"

"गुहेमागच्या खड्ड्याकडे."

"अगं, हाकलून देतील आपल्याला!"

"द्या म्हणावं," चांदी म्हणाली. "हाकलायला पोरं जिवंत तरी हवीत."

रोज दुपारी महाराज घोरत असत. तेवढ्यात चांदी खड्डा उकरी आणि हाड घेऊन येई. आठ दिवसांत तिला दूध आलं. पंधरा दिवसांत धाकटी रडू लागली, आणि ते रडणं ऐकून खैऱ्यालाही रडू आलं. महिन्याच्या अखेरीस चारही पिल्लं गुबगुबीत होऊन एकमेकांचे कान ओढत होती.

ठरल्या दिवशी समिती बिळाशी आली. पिल्लं पाहून बगळा एका पायावरून दुसऱ्या पायावर आला. "अध्यक्षसाहेब, काय हे बाळसं! आणि डबा तर अजून भरलेलाच आहे."

"काटकसरीचं अन्न दिसतंय," कासव म्हणालं.

एवढ्यात धाकटी बिळातून बाहेर आली. तिच्या तोंडात हरणाचं हाड होतं. ते तिनं थेट कासवापुढे आणून टाकलं आणि शेपूट हलवली.

चांदी पिल्लांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

कासवानं हाड निरखलं. "हे काय असावं?"

"हाडासारखं दिसतंय," बगळा म्हणाला.

"घटकांच्या यादीत हाड होतं?"

"यादी मी अख्खी खाल्लीय," शेळी म्हणाली. "हाड कुठेच लागलं नाही."

"मग हे हाड नाही," कासव म्हणालं. सगळ्यांना हायसं वाटलं. "खैऱ्या, आता तू सांग. हा डब्याचाच गुण ना?"

खैऱ्यानं चांदीकडे पाहिलं, पिल्लांकडे पाहिलं. खरं बोललं तर डोंगरापलीकडे जायचं, आणि तिकडे लांडगे होते.

"हो साहेब," तो म्हणाला. "डब्याचाच."

महाराज खूश झाले. सेंद्रिय अन्न न उघडताच लागू पडतं, ही बातमी जंगलभर झाली. उरल्यासुरल्यावर जगणाऱ्या प्रत्येकाच्या बिळात एकेक डबा ठेवायचा हुकूम सुटला, माकडानं सहलीच्या गाड्यांतून तेवढे डबे पळवून आणले, आणि हाडं सगळ्यांनाच बंद झाली. अनुभवी म्हणून खैऱ्याला समितीवर घेतलं. त्याचं कुटुंब आता समितीचं, म्हणजे हितसंबंध संपला. सदस्यांना रोज मानधन मिळे. शेळी पाल्यावर आणि कासव शेवाळावर खूश होतं, बगळ्याला तळं मिळालं होतं. खैऱ्याला हरणाची अख्खी तंगडी मिळू लागली. ती सेंद्रिय आहे का, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या बैठकीला कोल्हीण आली. तिची तीन पोरं तिच्या मागे लटपटत होती.

"खैऱ्यादादा," ती म्हणाली, "डबा आणून महिना झाला. एकालाही गुण येत नाही. तुम्ही तेवढं खरं सांगा, तुमच्या पोरांना काय घातलंत?"

खैऱ्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं, मुलांनो. घशापर्यंत शब्द आला होता. पण तंगडी अजून मिळायची होती.

"तुम्ही हितसंबंधी," तो म्हणाला. "जाळीपलीकडे बसा."

मग त्यानं समितीला आपली पहिली शिफारस केली. गुहेमागच्या खड्ड्यावर एक मोठा धोंडा ठेवावा, कारण तिथे कुणीही उकरू शकतं. शिफारस एकमतानं मंजूर झाली.

तात्पर्य : मुलांनो, पोटभर पोषण हवं असेल तर डब्यात काय आहे ते बघत बसू नका, डबा तपासणाऱ्यांत जाऊन बसा.