सून पळाली

रविवारी पहाटे प्रज्ञा सासरच्या घरातून पाय न वाजवता बाहेर पडली, आणि तिथेच सगळं चुकलं.

पाय न वाजवण्यामागे तिचा हेतू चांगला होता. सासू-सासरे आदल्या दिवशी कापूस वेचून थकले होते, आणि जीवन, म्हणजे नवरा, सुट्टीच्या दिवशी उजाडण्याआधी उठवला की दिवसभर तोंड पाडून बसायचा. म्हणून तिने अंधारातच बूट हातात घेतले, दाराची कडी अलगद सरकवली आणि ओट्यावर बसून नाड्या बांधल्या. पाठीवर पळताना घालायची घट्ट पिशवी होती. तिच्यात पाणी, खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि एक विजेरी.

प्रज्ञा धुळ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. डिसेंबरात साताऱ्याकडच्या डोंगरांत पन्नास किलोमीटरची शर्यत होती आणि तिने तिच्यात नाव घातलं होतं. मागच्या वर्षीही घातलं होतं, पण निम्म्या वाटेवर वेळ संपली म्हणून आयोजकांनी तिला गाडीत बसवून परत आणलं. त्या गाडीत उलटी झालेल्या दोन मुलांच्या मध्ये बसून आलेला प्रवास ती विसरली नव्हती. धुळ्यात सराव करायचा तर चढ म्हणून उड्डाणपूल तेवढा. त्याच्यावर ती इतक्यांदा चढली-उतरली होती की वाहतुकीचा हवालदार तिला ओळख दाखवायला लागला होता. शेवटी तिने साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सासरी जाऊन सराव करायचं ठरवलं. शर्यतीआधीचा हा शेवटचा लांब पल्ला. डोंगर चढून पलीकडच्या बाजारगावापर्यंत जायचं आणि पळतच परत यायचं. हा बेत मात्र तिने घरात कुणाला सांगितला नव्हता.

आदल्या रात्री जेवताना जीवन एवढंच म्हणाला होता, "इतकं पळून पोचायचंय तरी कुठे तुला?" तो गमतीने म्हणाला होता. प्रज्ञाने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि नंतर झोपेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. हे सासूने, लिलाबाईंनी, बरोबर टिपलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी ताईबाई ओट्यावर बसून दात घासत होत्या. गावात कोण आलं, कोण गेलं याची नोंद त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"कथी निंघनी वं माय, एवढी पहाटनी?"

"काही नाही ताईबाई, पळते जरा," प्रज्ञा म्हणाली आणि खरोखरच पळाली.

ताईबाईंनी तिच्या पाठीवरची पिशवी पाहिली, घाई पाहिली, नवरा सोबत नाही हे पाहिलं. चूळ भरून त्या तडक लिलाबाईंच्या दारात गेल्या.

"लिलाबाई वं! ऊठ! तुनी सून पयी गई! पाठवर बोचकं बांधीसनी!"

इकडे प्रज्ञा मजेत होती. घाटाचा रस्ता गारठ्यात ओलसर झाला होता, सागाच्या पानांचा वास येत होता, आणि उड्डाणपुलावर जो श्वास दुसऱ्या फेरीलाच लागायचा तो इथे लागत नव्हता. पहिल्या वळणावर मागून मोटारसायकल आली. दुधाचे कॅन लटकवलेला प्रेमराज होता, जीवनचा लहानपणचा मित्र. त्याने गाडी हळू केली.

"वहिनी, बठा. बाजारलगून सोडी देस."

"नको हो भाऊ, मला पळायचंच आहे."

प्रेमराजचा चेहरा उतरला. तो थोडा वेळ तिच्या बरोबरीने गाडी चालवत राहिला. "जीवन मन्हा दोस्त शे, वहिनी. तोंडना फटकय शे, पन दिलना साफ शे. एकडाव ईचार करा."

"विचार करूनच पळतेय," प्रज्ञा धापा टाकत म्हणाली. तिला वाटलं, चढ अवघड आहे म्हणून हा काळजी करतोय. "सहा महिने झाले तयारी करतेय."

"सहा महिना!" प्रेमराजच्या हातून गाडीचा तोल गेला. कॅन एकमेकांवर आदळले. मग त्याने गाडी वळवली आणि दूध डेअरीला न नेता गावाकडे उताराला लावली.

घाटमाथ्यावर पवनचक्क्या फिरत होत्या. त्यांच्या पात्यांच्या सावल्या गवतावरून सरकत होत्या. तिथे एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. प्रज्ञा पाणी प्यायला थांबली, तशी म्हातारीने तिला खालून वर न्याहाळलं. मांडीपर्यंत चिखल, कपाळावर घाम, केस सुटलेले.

"मारस का तुले?" म्हातारीने विचारलं.

"कोण?"

"नवरा. आखो कोन?"

प्रज्ञाला हसू फुटलं. "नाही हो आजी."

"मंग सासू तरास देस?"

"कोणी त्रास देत नाही. मी माझ्या मनाने पळतेय."

"मनथीन?" म्हातारीने तोंडातलं गवत काढलं. तिने शेळ्यांकडे पाहिलं, दरीकडे पाहिलं, आणि पदराखालची अर्धी भाकरी काढून प्रज्ञाच्या हातात कोंबली. "मंग पय माय. मांगे देखू नको!"

इतकं मनापासून उत्तेजन प्रज्ञाला आजवर शाळेतल्या सहकाऱ्यांनीही दिलं नव्हतं. तिचा ऊर भरून आला. भाकरी खात ती उतार उतरू लागली, आणि एका वळणावर घसरून गुडघा सोलला तरी थांबली नाही.

पलीकडच्या गावाचा त्या दिवशी बाजार होता. मिरच्यांचे ढीग, कोंबड्या, प्लास्टिकच्या बादल्या. प्रज्ञा बाजारात शिरली आणि पिशवीतला फोन थरथरायला लागला. डोंगरावर नेटवर्क नव्हतं, इथे होतं. स्क्रीनवर जीवनचे फोन, आबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, फोन, पाचोऱ्याहून तिच्या वडिलांचे फोन, शाळेतल्या बाईंचा एक फोन. तिला वाटलं, घरात काहीतरी झालं. आबांना काही झालं. तिने जीवनला फोन लावला.

"प्रज्ञा!" पलीकडून आवाज फुटला होता. "फोन ठेवू नको. जिथे आहेस तिथेच थांब. माझं चुकलं."

"काय चुकलं? आबा बरे आहेत ना?"

"सगळंच चुकलं. सकाळी तुझ्या डब्यासाठी तू एकटी उठतेस, मी पडून राहतो. तुला वाटत असेल मला जाग येत नाही. येते. मी डोळे मिटून पडतो."

प्रज्ञा मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभी राहिली. "तू जागा असतोस?"

"रोज," जीवन म्हणाला आणि हुंदका दिला. "उद्यापासून डबा मी करीन. पण बस धरू नको."

"कुठली बस?"

तेवढ्यात फोन कटला, आणि जीवनचं उत्तर आलं ते समोरून. बाजाराच्या तोंडाशी एक जीप कचकन थांबली. तिच्यातून आधी जीवन उतरला, मग धोतर सावरत सासरे चिंधा आबा, मग लिलाबाई, मग ताईबाई, आणि सगळ्यात शेवटी वाट दाखवायला आलेला प्रेमराज. गावात जीप मिळवण्यातच त्यांची अर्धी सकाळ गेली होती. धावपळीत लिलाबाईंच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात आबांची.

चहाच्या टपरीसमोर गर्दी जमली. कोंबड्या विकणाऱ्याने कोंबड्या खाली ठेवल्या.

"माय वं," लिलाबाईंनी प्रज्ञाचे दोन्ही हात धरले. "मी तुन्ही भाकरले जाडी म्हनस. लोकेससमोर म्हनस. आते नही म्हनसू. जाडी ते जाडी, पोट भरस ना!"

"आई, अहो, पण..."

आबा पुढे आले. ते गंभीर माणूस, सुनेशी थेट फारसे बोलत नसत. त्यांनी घसा साफ केला. "ती तुन्ही नारिंगी बंडी. पयानी."

"ती हरवली आबा. दोन महिने शोधतेय मी."

"हरायनी नही. मी बुजगावनाले घाली दिनी." आबांनी मान खाली घातली. "पन एक पाखरू उतरनं नही वावरमा."

आता मात्र प्रज्ञाच्या डोक्यात प्रकाश पडला. ताईबाई, प्रेमराज, शेळ्यांची म्हातारी, सगळे एका ओळीत उभे राहिले. ती हसणार होती, तेवढ्यात बाजारात दुसरी गाडी शिरली. तिच्यातून तिचे वडील, कौतिकनाना उतरले. रेल्वेत उभं आयुष्य काढलेला माणूस, निवृत्तीनंतरही गाडी चुकेल अशा घाईत चालणारा. जीवनने सकाळी 'प्रज्ञा तिकडे आली का?' एवढंच विचारलं होतं. नानांनी पुढचं काही विचारलं नव्हतं. शेजाऱ्याची गाडी काढून ते तडक पाचोऱ्याहून निघाले होते, आणि गावात पोचल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना बाजाराची वाट दाखवली होती.

"जयभीम नाना," जीवन कसाबसा म्हणाला.

"जयभीम," नाना म्हणाले, पण त्यांनी जावयाकडे पाहिलं नाही. ते मुलीसमोर येऊन उभे राहिले. तिचे चिखलाने भरलेले पाय, सोललेला गुडघा, सगळं त्यांनी पाहिलं. लग्नात याच माणसाने तिला सांगितलं होतं की काहीही झालं तरी निभावून घे. प्रज्ञाला वाटलं, आता तेच ऐकावं लागणार.

"तुझी खोली झाडून ठेवायला सांगून आलोय," नाना म्हणाले. "तू यायचं म्हणालीस तर मी का म्हणून विचारणार नाही. कधीच विचारणार नाही. चल."

प्रज्ञाला हसायचं होतं, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते पाहून लिलाबाई रडल्या, लिलाबाईंना पाहून ताईबाई रडल्या, आणि गर्दीतल्या बायकांनी जीवनकडे अशा नजरेने पाहिलं की तो प्रेमराजच्या मागे सरकला.

"नाना," प्रज्ञा नाक पुसत म्हणाली, "मी पळून नाही आले. मी नुसती पळत होते."

गर्दी आणखी जवळ सरकली.

"म्हंजे?" लिलाबाईंनी विचारलं. "कोनी मांगे लागेल व्हतं का?"

"नाही आई."

"मंग पयत कसाले व्हती?"

मग प्रज्ञाने सांगितलं. डोंगरातली शर्यत, पन्नास किलोमीटर, मागच्या वर्षीची ती गाडी, सगळं. मागच्या वर्षीचं तिने सासरी सांगितलंच नव्हतं. शाळेच्या कामाने साताऱ्याला गेले होते, असं सांगितलं होतं. सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकलं. ऐकून झाल्यावर आबांनी शांतपणे विचारलं, "आन पहिला येवावर काय देतंस?"

"मी पहिली नाही येणार आबा. मला फक्त पोचायचंय."

"पोचायचंय," आबा स्वतःशी म्हणाले. त्यांनी जीवनकडे पाहिलं. "तिले पोचानं शे. तू काय इचारत व्हता काल, कोठे पोचानं शे म्हनीसन? हाई इतलंच व्हतं."

जीवनला आता हायसं वाटलं होतं. त्याने प्रेमराजच्या मागून मान बाहेर काढली. "म्हणजे तू रागावून नव्हतीस गेली? मग त्या डब्याचं मी जे बोललो..."

"बोलना ते बोलना," लिलाबाईंनी त्याला तिथेच तोडलं.

टपरीवाल्याने सगळ्यांना चहा दिला. कोंबड्यावाल्याने, एवढा वेळ उभा राहून शेवटी काहीच घडलं नाही म्हणून, निराशेने कोंबड्या उचलल्या. नानांनी मुलीचा गुडघा रुमालाने बांधला आणि आपल्या गाडीचं दार उघडलं. "चल, बस. घरी सोडतो."

"नाही नाना. निम्मं राहिलंय अजून. पळतच जायचंय."

कुणी वाद घातला नाही. प्रज्ञा घाटाला लागली आणि मागे दोन गाड्या बैलगाडीच्या चालीने निघाल्या. वळणावळणावर ताईबाई खिडकीतून डोकं काढून ओरडत होत्या, "दम धर वं माय, दम धर!" लिलाबाईंनी दोनदा गाडी थांबवून तिला पाणी पाजलं. माथ्यावर शेळ्यांच्या म्हातारीने ती मिरवणूक पाहिली. पळून गेलेल्या बाईला अख्खं सासर-माहेर धरून परत आणतंय, असंच तिला वाटलं असणार. तिने गाड्यांच्या दिशेने एक दगड भिरकावला. तो प्रेमराजच्या बाजूच्या दाराला लागला.

डिसेंबरात प्रज्ञा शर्यत पूर्ण करून आली. नंबर शेवटून मोजायला सोपा होता, पण यंदा तिला कुणी गाडीत बसवलं नाही. शेवटच्या रेषेवर लिलाबाईंनी तिच्या गळ्यातलं पदक दाताखाली धरून पाहिलं.

पुढच्या रविवारी धुळ्याच्या घरात ती उन्हं वर येईपर्यंत झोपली. पायांत गोळे आले होते, आणि शर्यतीनंतर पंधरा दिवस पळायचं नाही हे तिने आधीच ठरवलं होतं. फक्त ते कुणाला सांगितलं नव्हतं.

जीवनने डब्याच्या सवयीने लवकर उठून कणीक मळली. बूट दारातच आहेत हे पाहून तो चरकला. त्याने खोलीत डोकावलं. प्रज्ञा भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने आवाज न करता दार ओढलं आणि गावाला फोन लावला. "आई, प्रज्ञा आज पळायला गेली नाही. काही बोलतही नाही."

"तू काय बोलना तिले?" लिलाबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पाचोऱ्याला फोन केला.

प्रज्ञाला जाग आली तेव्हा पलंगाभोवती माणसं उभी होती. सासूबाई, आबा, नाना. आबांच्या हातात ती नारिंगी बंडी होती, धुऊन, घडी घालून. जीवन दारात उभा होता, दोन्ही हात कणकेने भरलेले.

"बेटा," नाना पलंगाच्या कडेला बसत म्हणाले, "खरं सांग. काय झालं?"

"काही नाही नाना. आज पळायचं नाहीये मला."

लिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आबा सावकाश जीवनकडे वळले.

प्रज्ञाने एकेकाचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने पांघरूण बाजूला सारलं. संसार सांभाळायचा तर पळणं भाग होतं. ती लंगडत दारापाशी गेली आणि नाड्या बांधायला बसली.